हे फेडरलचं की स्टेटचं? अमेरिकेत राहताना ओळखायचं कसं

मागच्या हिवाळ्यात न्यू जर्सीत एडिसनला एका मित्राच्या घरी बसलो होतो. वहिनींचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू जवळ आलेला, टेबलावर चिवड्याची वाटी आणि त्यात विचारतात त्या प्रश्नांची कार्डं पसरलेली, मी विचारतोय आणि त्या उत्तरं देतायत. घटनेप्रमाणे काही अधिकार फेडरल सरकारचे आहेत, त्यातला एक सांगा. "नोटा छापणे." काही अधिकार राज्यांचे आहेत, एक सांगा. "ड्रायव्हिंग लायसन्स देणे." एकदम खटाखट. मग मधेच थांबून म्हणाल्या, "भाऊजी, पाठ झालंय हो सगळं, पण कार्डावर नसलेलं काही समोर आलं तर कसं ओळखायचं? आता हेच बघा." आणि फ्रिजवरून एक छोटा डबा काढला. ऑफिसातल्या कोणीतरी वाढदिवसाला दिलेल्या गांजाच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या. सील फोडलेलं नव्हतं. "यावर राज्याचं चिन्ह आहे, दुकानाला राज्याचं लायसन्स आहे. मग हे कायदेशीरच ना?"

म्हटलं, आधी तो डबा परत वर ठेवा, सांगतो. सांगायला दीड तास लागला आणि चहा दोनदा झाला. तेच इथे लिहून काढतोय, कारण हा गोंधळ आपल्यात बऱ्याच जणांचा असतो, वीस-वीस वर्षं इथे राहिलेल्यांचाही. मी वकील नाही, वाचायची आवड आहे एवढंच, तेव्हा स्वतःची केस असेल तर वकील गाठा.

सुरुवात घरातल्या फाइलपासून करा. आपल्या प्रत्येकाकडे ती एक जाडजूड फाइल असतेच, प्लॅस्टिकच्या पाऊचवाली. ती टेबलावर उलटी करा आणि दोन ढीग लावा. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, आय-९४, सोशल सिक्युरिटी कार्ड, एच-वन-बीचं अप्रूव्हल हा एक ढीग, फेडरल, म्हणजे केंद्राचा. लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन, इथे लग्न झालं असेल तर त्याचं सर्टिफिकेट, इथे जन्मलेल्या पोराचा जन्मदाखला, घराचा डीड, बायको नर्स असेल तर तिचं नर्सिंग लायसन्स हा दुसरा ढीग, हे सगळं राज्याच्या कायद्याखालचं. ढीग लावले की एक गोष्ट लगेच दिसते, रोजचं जगणं जवळजवळ सगळं दुसऱ्या ढिगात आहे. लग्न, घटस्फोट, शाळा, जमीन, अपघात, चोरीमारी, वारसा. पहिल्या ढिगात तुम्ही या देशाच्या दारातून कसे आत आलात, त्याचा हिशोब जास्त.

आता त्या ढिगातून दोन कागद बाजूला काढा, कारण गंमत त्यांच्यात आहे. पहिला, पोराचा जन्मदाखला. दाखला राज्याचा, पण पोरगं अमेरिकन नागरिक झालं ते चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे, म्हणजे १८६८ साली घटनेत आलेल्या एका वाक्यामुळे. दुसरा, लायसन्स. त्यावर कोपऱ्यात चांदणी असेल तर ते रिअल आयडी. कायदा फेडरल आहे, २००५ चा, आणि विमानतळावर त्याची सक्ती सुरू झाली ७ मे २०२५ ला, मधे वीस वर्षं गेली! एवढी का गेली, तर बरीच राज्यं अडून बसली होती, आणि केंद्राला "आमच्या नमुन्याप्रमाणे लायसन्स छापा" असा हुकूम राज्यांना देता येत नाही. म्हणून कायदा असा लिहिला की छापायचं तर छापा, नाहीतर नका छापू, पण चांदणी नसलेलं लायसन्स आमच्या विमानतळावर ओळखपत्र म्हणून चालणार नाही. हुकूम राज्याला नाही, अट आपल्या दारापुरती. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी जरा अवघड, कारण इथे भारतातली सवय मोडावी लागते. आपण नागरिकशास्त्रात शिकलो की सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत, केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची, आणि तिन्हींत जे कुठेच नाही ते केंद्राचं. म्हणजे शंका आली की केंद्राकडे बोट दाखवायचं. अमेरिकेत बरोब्बर उलटं आहे. इथे यादी एकच, ती केंद्राची, आणि यादीत नाही ते राज्यांचं किंवा लोकांचं. हे लिहिलंय दहाव्या घटनादुरुस्तीत, १७९१ साली मंजूर झालेल्या, अख्खी दुरुस्ती एका वाक्याची आहे. त्यामुळे राज्याने कायदा केला तर "कुठल्या अधिकारात केला" असं सहसा विचारायचं नसतं, लोकांची सुरक्षा, आरोग्य, शिक्षण यासाठी कायदे करायचा त्यांना मुळातच अधिकार आहे. केंद्राने केला तर मात्र पहिला प्रश्न तोच, घटनेतलं कलम दाखवा.

याचं मूळ इतिहासात आहे, तेरा राज्यं आधी होती आणि त्यांनी एकत्र येऊन केंद्र बनवलं. आपल्याकडे उलटा प्रकार. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला तो संसदेच्या कायद्याने, आणि २०१४ ला तेलंगणा झाला तेव्हा तर आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळलं होतं, तरी संसदेने केलाच, कारण कलम ३ प्रमाणे राज्याचं मत विचारायचं असतं, मानलंच पाहिजे असं नाही. अमेरिकेत एखाद्या राज्याचे तुकडे करायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागतेच. आणि राष्ट्रपती राजवट वगैरे काही प्रकारच नाही. गव्हर्नर या शब्दाला फसू नका, आपला राज्यपाल दिल्लीहून येतो, इथला गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. राष्ट्राध्यक्ष कितीही चिडला तरी गव्हर्नरला घरी बसवू शकत नाही. (आणि काँग्रेस म्हणजे इथली संसद, पक्ष नाही, हे माझ्या वडिलांना मी दर वेळी फोनवर सांगतो.)

तिसरी पायरी ही खरी कामाची. बातमी आली की फेडरल सरकारने अमुक कायदा केला किंवा तमुक करणार आहे, तर विचारा, कुठल्या कलमाखाली? यादी आहे घटनेच्या पहिल्या कलमाच्या आठव्या विभागात, अठरा बाबी, एका पानात मावतात, प्रिंट काढून ठेवा. कर लावणे, कर्ज काढणे, नाणी पाडणे, पोस्ट, पेटंट, सैन्य, युद्ध पुकारणे, आणि अठरावी म्हणजे वरचं सगळं करायला "आवश्यक आणि योग्य" असे कायदे करणे. पण नव्वद टक्के भांडणं एकाच ओळीवर होतात, राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन. कॉमर्स क्लॉज म्हणतात तिला. ती एक ओळ दोनशे वर्षं रबरासारखी ताणली आणि सोडली जातेय, आणि ती कळली की निम्मा विषय कळला, म्हणून इथे जरा टेकतो.

पहिलं मोठं भांडण आपल्या दारातलंच. हडसन नदीवर वाफेची बोट चालवायचा मक्ता न्यूयॉर्क राज्याने ठरावीक लोकांना दिलेला. त्या मक्त्याखाली बोट चालवणारा ऑग्डन, हा न्यू जर्सीचा माजी गव्हर्नर बरं का, आणि त्याच्याविरुद्ध गिबन्स, जो न्यू जर्सीतल्या एलिझाबेथटाउनहून न्यूयॉर्कला बोटी सोडायचा, फेडरल लायसन्सवर. १८२४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बोटीची वाहतूक हा व्यापारच, आणि दोन राज्यांमधल्या व्यापारावर केंद्राचा शब्द चालणार, न्यूयॉर्कचा मक्ता गेला. इथपर्यंत सगळं सरळ आहे, नदीच्या अलीकडून पलीकडे माल आणि माणसं जातायत, मग एका राज्याने आडवा हात कसा घालायचा.

मग १९४२. ओहायोतला रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून केंद्राने प्रत्येकाला किती एकर पेरायचे ते ठरवून दिलेलं, याला मिळाले ११.१ एकर, याने पेरले २३. जास्तीचे २३९ बुशेल निघाले आणि दंड बसला ११७ डॉलर ११ सेंट. तो म्हणाला हा जास्तीचा गहू मी विकत नाहीये, माझ्याच जनावरांना घालतोय, घरी खातोय, व्यापार कुठे आला? कोर्ट एकमताने म्हणालं, तू घरचा गहू वापरलास म्हणजे बाजारातून घेतला नाहीस, असं सगळ्यांनी केलं तर देशभरच्या भावावर परिणाम होतो, म्हणून हाही व्यापार. आपल्या परसातल्या आळूवर कोणी दिल्लीहून दंड लावावा तसलं वाटतं ना? मलाही पहिल्यांदा वाचून तसंच वाटलं होतं. पण त्या निकालानंतर पन्नासहून जास्त वर्षं केंद्राने व्यापाराचं नाव घेतलं आणि कोर्टाने अडवलं असं फारसं झालंच नाही म्हणा.

अडवलं ते १९९५ साली. टेक्सासात सॅन अँटोनिओला बारावीतला एक मुलगा, लोपेझ, शाळेत पिस्तूल घेऊन आला. शाळेचं नाव एडिसन हायस्कूल, आमच्या गावाशी संबंध नाही, त्याच थॉमस एडिसनच्या नावावर आहे एवढंच. टेक्सासचा स्वतःचा कायदा होता, त्याखाली पकडलंही होतं, पण दुसऱ्या दिवशी तो आरोप मागे घेऊन १९९० च्या फेडरल कायद्याखाली केस लावली. सरकारी वकिलाचं म्हणणं साधारण असं, शाळेत बंदुका आल्या की शिक्षण बिघडतं, शिक्षण बिघडलं की माणसं कमी कमावती होतात, म्हणजे देशाच्या व्यापारावर परिणाम. कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की असं जोडत गेलं तर जगात असं काहीच उरणार नाही जे व्यापार नाही. कायदा रद्द. शाळेत बंदूक चालेल असा त्याचा अर्थ अजिबात नव्हता, अर्थ एवढाच की ते टेक्सासने बघावं. हा फरक लोकांच्या लक्षातच येत नाही, निकाल "केंद्राला अधिकार नाही" असा लागला की लोक समजतात कोर्टाला ती गोष्टच पसंत आहे. पुढे काँग्रेसने त्याच कायद्यात "राज्याराज्यांमधल्या व्यापारातून फिरलेली बंदूक" अशी शब्दांची भर घालून तो परत आणला. कलम दाखवलं ना, मग झालं.

आता वहिनींच्या डब्याकडे येऊ. कॅलिफोर्नियाने १९९६ मधे औषधासाठी गांजा चालेल असं जनमताने ठरवलं. तिथल्या दोन आजारी बायका, एकीच्या घरी सहा रोपं, राज्याच्या कायद्यात बसणारी, विक्री नाही काही नाही. फेडरल एजंट आले आणि रोपं नष्ट करून गेले. गोष्ट सुप्रीम कोर्टात पोचली आणि २००५ मधे ६ विरुद्ध ३ ने निकाल केंद्राच्या बाजूने. कारण? फिलबर्नचा गहू! घरच्या घरी वापरली तरी ती मोठ्या बाजाराचा भाग आहे, १९७० चा फेडरल ड्रग कायदा चालणार. म्हणजे राज्याने "आमच्याकडून गुन्हा नाही" म्हटलं तर राज्याचा पोलीस धरणार नाही, पण फेडरल कायदा तिथेच असतो, राज्याला तो पुसता येत नाही. न्यू जर्सीत २०२० ला लोकांनी मतदान करून मान्यता दिली, एप्रिल २०२२ पासून एकवीस वर्षांवरच्यांसाठी दुकानं उघडली, ओक ट्री रोडवर साड्या घ्यायला जाता येता आपण त्यांच्या पाट्या बघतो, आणि मनात येतं की झालं, कायदेशीर.

पण इमिग्रेशन कुणाचं? पहिला ढीग, फेडरल. आणि फेडरल इमिग्रेशन तुमच्याकडे फेडरल कायद्याच्याच चष्म्यातून बघणार. एप्रिल २०१९ ला नागरिकत्व देणाऱ्या खात्याने लेखी धोरण काढलं की राज्यात चालत असलं तरी गांजाशी संबंध "चांगल्या चारित्र्या"च्या अटीत आडवा येऊ शकतो, आणि त्यात नुसतं सेवन नाही, अशा धंद्यात नोकरी करणंही आलं. फेडरल ड्रग कायद्यातलं गांजाचं शेड्यूल, म्हणजे यादीतला वर्ग, बदलायच्या हालचाली होत असतात, बातम्या येतात, पण औषधाचं शेड्यूल बदललं म्हणून दुकानातली हौसेची विक्री आपोआप फेडरल कायद्यात बसत नाही. तेव्हा व्हिसावर आहात, ग्रीन कार्डवर आहात, अर्ज चालू आहे, तर राज्याचा शिक्का तुमच्या कामाचा नाही. नागरिक असलेल्या सहकाऱ्याला जे चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे डबा एकच आणि कायदे दोन?" अगदी तेच. डबा दुसऱ्या दिवशी ज्याचा त्याला परत गेला.

चौथी पायरी, केंद्र स्वतः काम करतंय की राज्याला कामाला लावतंय हे बघायचं. वरच्या केसमधे फेडरल एजंट स्वतः आले होते, ते चालतं. पण राज्याच्या पोलिसाला "तू जा आणि आमचा कायदा राबव" असं सांगता येत नाही. १९९३ च्या ब्रेडी कायद्यात बंदूक घेणाऱ्याची तपासणी स्थानिक शेरीफने करायची असं लिहिलेलं, माँटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ कोर्टात गेले, आणि १९९७ ला जिंकले. राज्याची माणसं केंद्राची वेठबिगार नाहीत असा त्याचा मराठी सारांश. काँग्रेसने राज्याला "असा कायदा करा" किंवा "करू नका" म्हणून आदेश द्यायचा नाही, नागरिकांवर स्वतः थेट कायदा करायचा असेल तर करा.

यातली सगळ्यात झकास केस न्यू जर्सीची. १९९२ मधे केंद्राने कायदा केला की राज्यांनी खेळांवरच्या सट्ट्याला परवानगी द्यायची नाही, नेवाडासारख्या मोजक्या राज्यांना सूट. तो पुढे रेटणारा सिनेटर बिल ब्रॅडली, न्यू जर्सीचाच, आधीचा मोठा बास्केटबॉलपटू. वीस वर्षांनी अटलांटिक सिटीचे कसिनो बसायला लागले तेव्हा त्याच राज्याला सट्टा हवासा झाला. २०११ ला लोकांनी मतदानात हो म्हटलं, राज्याने कायदा केला, फेडरल कोर्टात हरले, मग दुसरा कायदा, परत हरले, आणि शेवटी मे २०१८ ला सुप्रीम कोर्टात जिंकले. मुद्दा सट्टा चांगला की वाईट हा नव्हताच, मुद्दा एवढाच की काँग्रेस राज्याच्या विधिमंडळाला "हा कायदा बदलायचा नाही" असं कसं काय सांगते. महिन्याभरात मॉनमथ पार्कला गव्हर्नर मर्फींनी पहिल्या बेट लावल्या, त्यातली एक जर्मनी फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकेल म्हणून. जर्मनी पहिल्याच फेरीत बाहेर. आज आयपीएलच्या टायमाला इथल्या पोरांच्या फोनवर जी बेटिंगची ॲपं दिसतात ना, ती त्या निकालाची पिलावळ. मला व्यक्तिशः हे काही बरं झालेलं वाटत नाही, पण निकाल घटनेच्या दृष्टीने बरोबर होता, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

सँक्चुअरी सिटी, म्हणजे इमिग्रेशनच्या एजंटांना मदत न करणारी शहरं, त्यांच्या बातम्या पण इथेच बसतात. इमिग्रेशनचे एजंट केंद्राचे, ते त्यांचं काम करू शकतात, पण गावच्या पोलिसाने त्यांना मदत केलीच पाहिजे अशी सक्ती केंद्राला करता येत नाही. ही कल्पना नवी नाही, १८४२ साली पळून आलेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या भांडणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की हे काम केंद्राचं आहे, राज्याच्या अधिकाऱ्यांवर ते लादता येणार नाही, आणि उत्तरेकडच्या राज्यांनी लगेच कायदे करून हात वर केले. मात्र मदत न करणं वेगळं आणि आडवं येणं वेगळं. राज्याने फेडरल एजंटला अडवलं किंवा स्वतःचं वेगळंच इमिग्रेशन खातं चालवायला घेतलं तर ते चालत नाही, कारण घटनेच्या सहाव्या कलमाप्रमाणे वैध फेडरल कायदा राज्याच्या कायद्याच्या वर. ॲरिझोनाने २०१० मधे कागद जवळ न बाळगणाऱ्या परदेशी माणसाला राज्याचाच गुन्हा लावायचा कायदा केला होता, २०१२ ला त्यातली वादात असलेली चारपैकी तीन कलमं उडाली.

पाचवी पायरी पैशाची. हुकूम देता येत नाही मग केंद्र काय करतं, तर चेक दाखवतं. दारू प्यायचं वय एकवीस हे सगळीकडे सारखं आहे म्हणून लोकांना वाटतं फेडरल कायद्यानेच ठरवलंय. तसं थेट नाही. १९८४ च्या कायद्यात एवढंच आहे की ज्या राज्यात एकवीसच्या खालच्याला दारू मिळते त्या राज्याच्या हायवेच्या पैशातून काही भाग कापू. साउथ डकोटात एकोणीस वर्षाच्या पोराला हलकी बिअर मिळायची, ते भांडले, १९८७ ला हरले. कोर्ट म्हणालं पाच टक्केच जातायत, ही काय जबरदस्ती नाही, नको असेल तर नका घेऊ. पण २०१२ ला ओबामाकेअरच्या, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याच्या केसमधे उलटं झालं. कायदा म्हणत होता की मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, वाढवा, नाहीतर आत्ता मिळतंय तेही मेडिकेडचं सगळं अनुदान बंद होऊ शकेल, आणि राज्यांच्या बजेटात हा दहा टक्क्यांहून मोठा हिस्सा. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले ही डोक्याला लावलेली बंदूक आहे. म्हणून मेडिकेड वाढवायचं की नाही हे राज्यांच्या मर्जीवर आलं, आणि म्हणूनच गरीब माणसाला एका राज्यात विमा मिळतो आणि शेजारच्या राज्यात मिळत नाही असं होतं. त्याच निकालात इन्शुरन्स घ्यायची सक्ती व्यापाराच्या कलमात बसत नाही असं म्हणून ती कर म्हणून वाचवली, तेव्हा एक दार बंद झालं तर केंद्राचा वकील दुसरं वाजवतो हे लक्षात ठेवा. अनुदान तोडण्याच्या धमकीची बातमी आली की तीनच गोष्टी बघायच्या, अट काँग्रेसने स्पष्ट लिहिलेली आहे का नंतर कोणीतरी चिकटवली, अटीचा त्या पैशाच्या कामाशी संबंध आहे का, आणि रक्कम किती, पाच टक्के का कंबरडं मोडेल एवढी.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर अर्धवट होईल. राज्यांचे हक्क हा शब्द ऐकायला छान वाटतो, पण दक्षिणेकडच्या राज्यांनी हाच शब्द पुढे करून आधी गुलामगिरी राखली आणि मग काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेबाहेर ठेवलं. १९५७ ला लिटल रॉकमधे नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत जाणार म्हणून त्यांना अडवायला अर्कान्सासच्या गव्हर्नरने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैनिक, उभे केले, तेव्हा आयझेनहॉवरने सैन्याची १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली. त्याला आधार चौदावी दुरुस्ती, तीच, आपल्या पोराच्या जन्मदाखल्यामागची. लग्न राज्याचा विषय, पण काळ्या-गोऱ्याच्या लग्नावर बंदी घालायचा अधिकार राज्याला नाही हे १९६७ ला ठरलं, ते नसतं तर आपल्यातल्या कितीतरी घरच्या सुना-जावयांचं काही राज्यांत काय झालं असतं विचार करा. म्हणून बातमी वाचताना उलटा प्रश्नही विचारायचा, राज्य जे करतंय त्यात माणसाचा घटनेतला हक्क मोडतोय का? मोडत असेल तर "आमचा अंतर्गत विषय" हे उत्तर चालत नाही. आणि राजकारण्यांच्या तोंडी हा शब्द आला की आधी बघा वॉशिंग्टनमधे सध्या कोण आहे, विरोधात असला की प्रत्येक पक्षाला दहावी दुरुस्ती आठवते. न्यायाधीशही काही अगदी सरळ रेषेत चालत नाहीत, शेरीफांच्या बाजूने निकाल लिहिणारे स्कॅलिया गांजाच्या केसमधे केंद्राच्या बाजूला होते.

उलट राज्याची घटना कधीकधी केंद्राच्या घटनेपेक्षा जास्त देते, हे आपले पालक विसरतात. फेडरल घटनेत शिक्षणाचा हक्कच नाही, तसं सुप्रीम कोर्टाने १९७३ ला सॅन अँटोनिओच्याच एका केसमधे सांगितलं. पण न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ पासून "सर्वांगीण आणि कार्यक्षम" मोफत शाळांची हमी आहे, आणि गरीब गावांच्या शाळांना जास्त पैसा मिळतो तो त्या शब्दांवर राज्याच्या कोर्टात लढून. शाळेच्या पैशावरून चिडला असाल तर वॉशिंग्टनला नाही, ट्रेंटनला, म्हणजे न्यू जर्सीच्या राजधानीला फोन करा.

हे फोनाचं शेवटी सांगतो कारण रोजच्याला हेच लागतं. पासपोर्ट अडकला, ग्रीन कार्ड अडकलं, तर तुमच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसात जा, तिथे अशा केसेससाठी माणसं बसवलेली असतात, फॉर्म भरून घेतात. लायसन्स, गाडी, नर्सिंगचं रजिस्ट्रेशन अडकलं तर राज्याच्या असेंब्लीतला तुमचा प्रतिनिधी. सिनेटर दोन प्रकारचे असतात हे विसरू नका, एक वॉशिंग्टनवाला, एक ट्रेंटनवाला, मी स्वतः एकदा लायसन्सची तक्रार वॉशिंग्टनवाल्याला पाठवली आणि तीन आठवड्यांनी दोन ओळींचं गोड उत्तर आलं की हे आमच्याकडे येत नाही. मिश्र प्रकरणात, म्हणजे व्हिसाची तारीख संपल्याने लायसन्स रिन्यू होत नाही वगैरे, आधी फेडरल कागद सुटतो का ते बघा, राज्यवाला त्या तारखेकडेच बोट दाखवणार. आणि खड्डे. रूट वनच्या पाटीवर यू.एस. लिहिलंय, २८७ तर चक्क इंटरस्टेट, १९५६ च्या कायद्यानंतर या इंटरस्टेटच्या खर्चाचे नव्वद टक्के केंद्राने दिलेले, तरी रस्ता राज्याचा आणि बुजवायचं काम राज्याच्या वाहतूक खात्याचं. खड्ड्यात टायर गेला तर फोटो काढून तिकडे पाठवा. तुमच्या घरासमोरच्या गल्लीतला खड्डा असेल तर टाउनशिपला, आणि टाउनशिप हा शब्द अमेरिकेच्या घटनेत शोधू नका, नाहीये तिथे, ते राज्याचं लेकरू.